नुसती भाजी धुतोय, पुढे काय?

आपल्या बडोद्याच्या या मासिकाच्या गेल्या अंकात मी त्साय मिंग-लिआंग यांच्या ‘डेज’ या २०२० सालच्या चित्रपटाविषयी चार ओळी लिहिल्या आणि संपादकांच्या म्हणण्याप्रमाणे टपालाची पिशवी फुगली. ज्यांच्याकडे तो अंक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्साय मूळचे मलेशियाचे, काम तैवानमध्ये. चित्रपटात दोनच माणसं. कांग मध्यमवयीन, मानेच्या दुखण्यानं बेजार. नॉन हा लाओसहून आलेला तरुण, बँकॉकमध्ये एका खोलीत एकटा राहतो. कांग उपचार घेतो, नॉन स्वयंपाक करतो. एका रात्री हॉटेलच्या खोलीत नॉन कांगला मालिश करतो, जवळीक होते. कांग पैसे देतो, सोबत गाणं वाजवणारी एक छोटी डबी देतो. दोघं बाहेर जाऊन जेवतात आणि आपापल्या वाटेनं जातात. झाला चित्रपट. दोन तासांहून थोडा मोठा आहे.

आता पत्रं.

प्रश्न : *ताई, तुमच्या शब्दावर विसंबून सुनेला लावून द्यायला सांगितलं. सुरुवातीलाच एक गृहस्थ खुर्चीत बसून पावसाकडे बघतो. बघतच राहतो. मला वाटलं चित्र अडकलं, रिमोट दाबून पाहिला. मग एक मुलगा न्हाणीत बसून भाजी धुतो. नुसती भाजी धुतोय, पुढे काय? गोष्ट कुठे आहे? आणि तो मुलगा खरोखर ‘तसा’ आहे की पैशासाठी करतो, तेही शेवटपर्यंत सांगितलेलं नाही.*
— रिफायनरीतून निवृत्त झालेले एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : काका, टीव्ही ठीक आहे. रिमोटला मारू नका.

एरवीच्या सिनेमात स्वयंपाक कसा होतो ते आठवा. सुरी, कढईतली वाफ, ताट. दहा सेकंदांत जेवण तयार. आपल्याला ‘यानं स्वयंपाक केला’ एवढी बातमी मिळते आणि आपण पुढच्या बातमीची वाट बघायला लागतो. त्साय बातमी देत नाहीत, स्वयंपाकाला लागतो तेवढा वेळ देतात. तुम्ही कोयलीच्या रिफायनरीत रात्रपाळ्या केल्यात. कंट्रोल रूममध्ये काटा हलत नाही ना, एवढंच बघत बसायचं, आणि तो हलला नाही तर पाळी चांगली गेली म्हणायचं. त्या पाळीत तुम्हाला बारीकसारीक आवाजसुद्धा ओळखू यायला लागले असतील. नॉनची भाजी तशी बघा.

म्हणजे नेमकं काय बघायचं, तर त्याला ओटा नाही. वेगळं स्वयंपाकघरच नाही. न्हाणीत जमिनीवर पाट्या मांडून तो भाजी आणि मासे धुतो. गॅस नाही, कोळसे पेटवतो. हे सगळं तो उकिडवा बसून, घाई न करता, सवयीच्या हातानं करतो. म्हणजे हे रोजचं आहे. आणि इतकं करून जेवायला माणूस एकच. परमुलखात राहणाऱ्या मुलाविषयी एवढं कळलं तर आणखी कुठली गोष्ट हवी? संवादात हे सांगायचं झालं असतं तर त्याला फोनवर आईशी रडायला लावावं लागलं असतं, जे आपल्या मालिकांत दर आठवड्याला होतं.

हा मुलगा व्यावसायिक नट नाही. अनोंग हौंगह्वांगसी हा खरोखरच लाओसहून बँकॉकला कामासाठी आलेला, दिग्दर्शकाला तिथे भेटलेला. कांगचं काम करणारे ली कांग-शेंग मात्र १९९२ पासून त्सायच्या चित्रपटांत आहेत, आणि त्यांचं मानेचं दुखणं खरं आहे. उपचाराच्या प्रसंगात तो जो तोंड वाकडं करतो, तो अभिनय नव्हे. पोरसवदा असल्यापासून एकाच माणसाला पडद्यावर म्हातारपणाकडे सरकताना बघायची संधी सिनेमात क्वचित मिळते. पाठोपाठ दोन-तीन चित्रपट पाहिलेत तर पावसाकडे बघणारा तो चेहरा तुम्हाला ओळखीचा वाटेल.

आता ‘तसा आहे की नाही’. चित्रपट सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. पैसे घेतले म्हणून मन गुंतत नाही असं थोडंच आहे? आणि मन गुंतलं म्हणून खोलीचं भाडं चुकत नाही. पण तुम्हाला हा प्रश्न इतका का टोचला, त्याचं कारण मला दिसतं. आपल्याकडे समलिंगी माणूस कथेत आला की पहिल्या अंकात गुपित, दुसऱ्यात बोभाटा, तिसऱ्यात मरण. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ चं. त्या काळात ते नाटक लिहायला छाती लागली, हे मान्यच. पण त्यातली मित्रा आत्महत्याच करते. विनोदी सिनेमात दुसरी सोय आहे, लचकत यायचं आणि चापट खाऊन जायचं. म्हणजे त्या माणसाची मंगळवारची दुपार आपण कधी बघितलेलीच नाही. तो भाजी कुठून आणतो, मान दुखली तर कोणाला सांगतो, काही नाही. अपवाद म्हणून ‘अलीगढ’ आठवतो. प्राध्यापक सिरस, आपल्याच भाषेचे, अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवायचे. त्या चित्रपटात खटला आहे, अब्रूचे धिंडवडे आहेत. पण माझ्या ध्यानात राहिलं ते मनोज वाजपेयीचं संध्याकाळी पेला घेऊन एकट्यानं लताबाईंचं गाणं ऐकणं. तेवढा वेळ सिरस कोणाचेच आरोपी नसतात.

तेव्हा काका, पुन्हा एकदा बघा. या वेळी सुनेलाही शेजारी बसवा. हॉटेलच्या खोलीतला प्रसंग मात्र प्रौढांचा आहे आणि चांगला लांबलचक आहे. तो कोणी कोणासोबत बघायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं.

प्रश्न : *खाली भाषांतराच्या ओळी येत नाहीत. माझ्याकडची प्रत खराब आहे का?*
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : प्रत चांगली आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच सूचना येते की ओळी मुद्दाम दिलेल्या नाहीत. बोलणं जवळजवळ नाहीच, आणि जे आहे ते न कळल्यानं काही अडत नाही.

प्रश्न : *वय २६. मकरपुऱ्याला नोकरी, घर दांडिया बाजारात, आई-बाबा आणि मी. मी गे आहे, घरी माहीत नाही. तुमचं वाचून ‘डेज’ लावला, तर आई तुवरीच्या शेंगा घेऊन शेजारी सोलायला बसली. मला घाम फुटला. पण ती बघत राहिली. म्हणाली, “एकटाच राहतो का रे हा? टिफिन तरी लावायचा.” थोड्या वेळानं, “भाजी मात्र नीट धुतो हो, तुझ्यासारखी नाही.” हॉटेलची खोली आली तसं मी नेट गेलं म्हणून बंद केलं. दुसऱ्या दिवशी चहा गाळताना तिनं विचारलं, “त्या मुलाचं पुढे काय झालं?” तिला काय सांगू? आणि तिला काही कळलं असेल का?*
— नाव देऊ नका

उत्तर : तुला अरे-तुरे करते, चालेल ना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. सांग की त्याला एक माणूस भेटला, त्या माणसानं त्याला वाजणारी डबी दिली, दोघं खानावळीत जेवले, आणि मग हा बसथांब्यावर बसून ती डबी वाजवत होता. एक अक्षर खोटं नाही. मधलं काय गाळलंस ते आईनं विचारलं तर तेव्हाचं तेव्हा बघ.

दुसऱ्याचं उत्तर मला रावपुऱ्यात बसून कसं देता येईल? टिफिनच्या वाक्यात खूण शोधू नकोस. बडोद्याच्या आया परगावच्या प्रत्येक काटकुळ्या पोराविषयी हेच म्हणतात. फत्तेगंजला पेइंग गेस्ट राहणारी निम्मी मुलं यावरच जगतात. पण झालं काय ते बघ. तुझ्या आईनं एका मुलाला जवळजवळ तासभर पाहिलं. त्याचं नाव, जात, ‘कसला आहे’ हे कोणी तिला आधी सांगितलं नव्हतं. तिला त्याच्या जेवणाची काळजी वाटली आणि दुसऱ्या दिवशीही तो तिच्या डोक्यातून गेला नाही. एवढं तुझ्या हाती आहे. त्यावर इमला चढवू नकोस, आणि ते फेकूनही देऊ नकोस.

सांगायचं की नाही, हे तू विचारलेलं नाहीस, तरी वय २६ म्हणतोस म्हणून लिहिते. सांगितलंच पाहिजे असा कायदा नाही आणि उशीर झाला असंही नाही. सांगायचं ठरवलंस तर आधी पगार कोणाच्या खात्यात जातो ते बघ. तो तुझ्याच खात्यात हवा. चार-सहा दिवस राहता येईल अशी मित्राची खोली आधी बोलून ठेव, लागली नाही तर उत्तमच. दोघांना एकदम सांगू नकोस. आईशी तुझं बोलणं आहे असं दिसतंय, तर आधी ती. घरात कार्य, दिवाळी, कोणाचं आजारपण असताना नको. आणि त्याच दिवशी तिच्याकडून उत्तराची अपेक्षा धरू नकोस. तू कित्येक वर्षं या गोष्टीसोबत राहिलास, तिला एका दुपारी कळणार आहे. ती रडेल, मग तुझ्या लहानपणी काय चुकलं ते शोधेल, मग कदाचित महिनाभर विषयच काढणार नाही. यातलं काहीच शेवटचं नसतं.

घरातला कोणी शहाणा डॉक्टरकडे नेऊ या म्हणाला तर तुला आधीच माहीत असू दे : हा आजार नाही, आणि असा ‘इलाज’ करणं हे डॉक्टराच्या व्यवसायातलं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये ठरवलं आहे. कागद काढून पाकिटात ठेव.

आणि एक, हे मात्र मी हक्कानं सांगते. २६ म्हणजे स्थळं यायला लागलीच असणार. मुलगी बघायला जाऊ नकोस. आईचं मन राखायला म्हणूनही नाही, एकदा नुसतं पोहे खाऊन येतो म्हणूनही नाही. समोर जी नटून बसवलेली असते ती कोणाच्या तरी घरात धास्तीनं दोन दिवस जेवलेली नसते. तिचा यात काही संबंध नाही. नोकरीत बदल, पुढचं शिक्षण, काय वाटेल ते कारण दे.

चित्रपट आधी एकट्यानं पूर्ण बघ. ‘नेट गेलं’ हे पुन्हा चालणार नाही.

प्रश्न : *आपलं मासिक घरोघरी सहकुटुंब वाचलं जातं. श्रीमंत सयाजीरावांच्या संस्कारी नगरीत हे परदेशी विषय हवेतच कशाला? कीर्तन, संगीत, नाट्य यांवर लिहा.*
— एक जुने वर्गणीदार

उत्तर : वर्गणीबद्दल आभार. विषय परदेशी आहे हे मला पटत नाही, आणि त्यासाठी मला बडोद्याच्या बाहेरही जावं लागत नाही.

भूपेन खख्खर १९६२ मध्ये मुंबईहून इथे आले, फाइन आर्ट्सला कलासमीक्षा शिकायला. शिक्षणानं चार्टर्ड अकाउंटंट. पुढे वर्षानुवर्षं दिवसाचा काही वेळ हिशेब आणि उरलेला वेळ चित्रं, असं त्यांचं चाललं. सत्तरच्या दशकात त्यांनी काय रंगवलं, तर शिंपी, न्हावी, घड्याळं दुरुस्त करणारा, त्यांच्या दुकानांच्या पाट्यांसकट. ज्या माणसांच्या दुकानात आपण रोज जातो आणि चेहरा विसरतो, ती माणसं. स्वतः समलिंगी आहोत हे त्यांनी आई होती तोवर चित्रांत उघड येऊ दिलं नाही. १९८१ मध्ये ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र काढलं. सज्जात एक उघडा माणूस पाठमोरा उभा आहे आणि खाली रस्त्यावर बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट चालली आहे. गाढवावर कोणी बसावं यावरून गाव नावं ठेवतं, ती आपल्या सगळ्यांना शाळेत शिकवलेली गोष्ट. बाजूला नेहमीचं गाव, घरं, कामं करणारी माणसं. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. २०१६ मध्ये तिथे त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं, त्याचंही नाव तेच. खख्खर २००३ मध्ये वारले, इथेच, बडोद्यात. शेजारी त्यांना भूपेनभाई म्हणायचे.

तेव्हा ‘डेज’मध्ये मला काही परकं सापडलं नाही. न्हाव्याच्या दुकानाकडे ज्या नजरेनं भूपेनभाईंनी पाहिलं, त्याच नजरेनं त्साय भाजीच्या पाटीकडे बघतात. दोघांनाही घाई नाही, आणि दोघांनाही माणूस त्याच्या कामाशिवाय दाखवायचा नाही.

कायद्याचं म्हणाल तर ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या परस्पर संमतीच्या संबंधांना, ते गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून बाहेर काढलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाचा हक्क मात्र दिला नाही, तो संसदेवर सोडला. म्हणजे नॉन आणि कांगनं एका खोलीत राहिलेलं चालेल, भाडेपट्ट्यावर नातं काय लिहायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. यावर कीर्तनात काही आख्यान मिळालं तर जरूर कळवा, मी छापायला सांगते.

प्रश्न : *असं संथ काही मराठीत आहे का? आईला दाखवायचंय, तिला परभाषा कळत नाही.*
— एक वाचक, गोत्री रोड

उत्तर : आहे. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. २०२५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं, सप्टेंबरमध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी जातो, आणि तिथे बालपणीचा मित्र भेटतो. पार्श्वसंगीत अजिबात नाही. सुतकात काय खायचं, पायात काही घालायचं की नाही, यावरून नातेवाईक जे टोकत राहतात ते तुमच्या आईला भाषांतराशिवाय कळेल. शहर मात्र त्यात फार नाही. तो गावाचा चित्रपट आहे.

प्रश्न : *मी फाइन आर्ट्सला आहे. माझा मित्र पाणीगेटजवळ खोली घेऊन राहतो, दिवसा औषधांच्या दुकानात काम करतो. तो गे आहे. त्याच्या एका दिवसावर ‘डेज’सारखी फिल्म करायची आहे, मोबाइलवर. तो हो म्हणतोय. काय सांभाळू?*
— एक विद्यार्थिनी

उत्तर : ‘डेज’सारखी करू नकोस, तुझ्या मित्रासारखी कर. तो भाजी धूत नसेल आणि रोज सेव-उसळच खात असेल, तर सेव-उसळ येऊ दे. मात्र उसळीच्या लालभडक तर्रीवर कॅमेरा नेऊन थांबलीस तर ती जाहिरात होईल.

मोबाइल तिकाटण्यावर लाव, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि हात लावू नकोस. दहा मिनिटं चालू दे. पहिली तीन-चार मिनिटं तो कॅमेऱ्यासाठी वागेल, मग कंटाळेल, मग कामाला लागेल. तुला हवं ते तिथून पुढे. एक काम संपेपर्यंत तोडू नको. तुला स्वतःला कंटाळा आला ही तोडायची जागा नव्हे, त्यानं हात पुसले ही जागा.

आवाजासाठी पंखा बंद करतात सगळे. तू चालू ठेव. जुन्या शहरातली खोली म्हणजे शेजारच्या कुकरची शिट्टी, अजान, आरती, स्कूटर, खालून कोणाची तरी “अरे सांभळ ने”, म्हणजे ‘अरे ऐक ना’, अशी हाक. हे साफ करून वर सतार घातलीस तर मला दाखवायला आणू नकोस. पोळातल्या, म्हणजे जुन्या शहराच्या अरुंद गल्लीतल्या, खोलीत ऊन फार थोडा वेळ येतं, ते किती वाजता आणि कुठे पडतं हे आधी दोन-तीन दिवस नुसतं जाऊन बघ.

नवरात्रात आणि उत्तरायणात चित्रीकरण नको. बडोदा म्हटलं की गरबा आणि पतंग दाखवायचा मोह होतो, आणि मग मित्र बाजूला राहून शहरच मिरवायला लागतं. श्रावणातला एखादा साधा मंगळवार घे.

आता जे तुला खरं सांभाळायचंय ते. तो हो म्हणतोय, पण त्याचा घरमालक नाही, दुकानाचा मालक नाही. गल्लीची पाटी, दाराचा रंग, दुकानाचं नाव, अंगातला कंपनीचा शर्ट, यांतल्या एका गोष्टीवरून खोली सुटू शकते, आणि बडोद्यात एकट्या मुलाला दुसरी खोली मिळवणं किती अवघड आहे हे त्याला विचार. चेहरा दाखवायचा की नाही हे त्याला फिल्म पूर्ण झाल्यावर पुन्हा विचार. आज हो म्हणणारा माणूस मोठ्या पडद्यावर स्वतःला बघून नाही म्हणू शकतो. संमती कागदावर घे, आणि ती केव्हाही मागे घेता येईल हेही त्याच कागदावर लिही. जोडून संपली की पहिली प्रत त्याला एकट्याला दाखव, तुमच्या वर्गाच्या, सरांच्या आणि माझ्या आधी. काढ म्हणाला ते काढ. त्यातून सहाच मिनिटं उरली तर सहा मिनिटांची फिल्म सादर कर.